‘आतां बरें वाटतें, औषध पुरे’

घरांतील वडील माणसानें तापानें अंथरूण धरलें, म्हणजे काय करावयाचें हें कोणास शिकवावें लागत नाहीं. कोणी पेज करून आणतें, कोणी कपाळावर ओली घडी ठेवतें, कोणी डॉक्टरांकडे धांवतें. पाय मोडला, तर त्या एका पायासाठीं सारें घर रात्रंदिवस राबतें. परंतु त्याच माणसाचें मन आजारी पडलें, कीं तेंच प्रेमळ घर गोंधळून जातें. कोणी उपदेश करतें, कोणी चिडतें, आणि कोणी ‘म्हातारपण आहे, चालायचेंच’ असें म्हणून स्वस्थ बसतें. कोणा जाणत्याच्या सल्ल्यानें उपचार सुरू झालेच, तर ते दोन-तीन महिन्यांत बंद पडतात. घरीं राहून, ठरल्या दिवशीं दवाखान्यांत जाऊन घ्यावयाचे हे उपचार सुरू करणें एक वेळ सोपें. ते टिकविणें कठीण, हा अनुभव आमच्या घरानें घेतला आहे. त्यांत आमच्या चुकाच पुष्कळ आहेत. परंतु झांकून ठेवलेली चूक कोणाच्याच कामास येत नाहीं, म्हणून ती येथें सांगण्याचें योजिलें आहे. ज्यांच्याविषयीं हें लिहीत आहें, त्या आमच्या मामंजींची यास संमति आहे. मजकूर त्यांनीं वाचला असून दोन ठिकाणीं माझें शुद्धलेखनहि सुधारलें आहे !

तीन तक्रारी

आमचें घर सांगलीचें. मामंजी, आम्ही उभयतां, धाकटे भाऊजी व जाऊबाई आणि चार मुलें असा एकत्र संसार. मामंजींनीं चौतीस वर्षें हायस्कुलांत गणित शिकविलें. निवृत्तीनंतरहि त्यांचा दिवस घड्याळाच्या कांट्यावर चाले. पहांटे स्नान, संध्या, विष्णुसहस्रनामाचा पाठ, मग वर्तमानपत्र, आणि सायंकाळीं समवयस्क मित्रांबरोबर कृष्णेच्या घाटापर्यंत फेरी. २०१६ सालीं सासूबाई गेल्या. वर्षश्राद्ध होईपर्यंत मामंजींच्या वागण्यांत आम्हांला विशेष कांहीं दिसलें नाहीं. पुढें मात्र एकेक गोष्ट गळूं लागली. प्रथम घाटावरील फेरी सुटली. मग वर्तमानपत्राची घडी तशीच पडून राहूं लागली. जेवण निम्म्यावर आलें. रात्रीं तीन वाजतां जाग येई आणि पुन्हां डोळा लागत नसे. ‘पोट साफ होत नाहीं, छातींत धडधडतें, कांहीं आठवत नाहीं,’ या तीन तक्रारी दिवसभर चालत. रडले म्हणाल तर एकदांहि नाहींत. ‘मला दुःख होतें’ असें एक अक्षरहि त्यांच्या तोंडून निघालें नाहीं.

हृदयाची तपासणी झाली, पोटाची झाली, रक्त तपासून झालें. कोठेंच दोष निघेना. शेवटीं आमच्या नेहमींच्या डॉक्टरांनींच सांगितलें, “हा मनाचा आजार आहे, नैराश्याचा. मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा.” घरीं आल्यावर भाऊजी एकदम म्हणाले, “अण्णांना वेड का लागलें आहे ?” मामंजी माजघरांत होते. त्यांनीं तें ऐकलें.

वार्धक्यांतील नैराश्य पुष्कळदां असेंच येतें. तरुण माणूस उदास दिसतो, रडतो, बोलून दाखवितो. वृद्ध माणसाचें नैराश्य भूक, झोंप, पोट आणि सांधे यांच्या तक्रारींतून बोलतें. कधीं तें विसराळूपणाचें रूप घेतें, आणि घरच्यांना वाटतें कीं हा स्मृतिभ्रंशच. यामुळें रोग ओळखलाच जात नाहीं. २०१७–१८ सालीं मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनें देशांतील प्रौढ व वृद्ध लोकांची फार मोठी पाहणी केली. तींत साठ वर्षांवरील शेंकडा ८.३ लोकांत मोठ्या नैराश्याचीं लक्षणें आढळलीं. पण तसें निदान पूर्वीं झालेले लोक शेंकडा ०.८ च होते. म्हणजे दहा दुखणाइतांमागें सुमारें एकाच्याच आजाराला नांव मिळालें होतें. आमचे मामंजी त्या एकांत आले, एवढें आमचें भाग्य. पुढची परीक्षा आम्हांलाच द्यावयाची होती.

एकशें सतरा गोळ्या

२०१८ च्या जानेवारींत उपचार सुरू झाले. डॉक्टरांनीं रोज सकाळीं एक गोळी घेण्यास सांगितलें आणि आमच्या यजमानांना बजावलें कीं, “गुण यायला चार ते सहा आठवडे लागतील, कदाचित् जास्तहि. धीर सोडूं नका.” मागें वळून पाहतां आतां ध्यानांत येतें कीं, तें सारें संभाषण डॉक्टर आणि हे, या दोघांतच झालें. मामंजी शेजारच्या खुर्चीवर बसून होते. त्यांना उजव्या कानानें कमी ऐकूं येतें, आणि डॉक्टर नेमके उजव्या बाजूला बसले होते. बाहेर पडतांना त्यांनीं यांना विचारलें, “काय म्हणाले ?” हे म्हणाले, “कांहीं नाहीं अण्णा, रोज गोळी घ्यायची, बस्स.”

सहा-सात आठवड्यांनीं गुण दिसूं लागला. गुढीपाडव्याला मामंजींनीं स्वतःच्या हातानें गुढी उभारली, दोन पुरणपोळ्या मागून घेतल्या. आम्हां सर्वांस वाटलें, संकट टळलें. त्यानंतर दहा-बारा दिवसांनीं ते म्हणाले, “आतां बरें वाटतें, औषध पुरे.” हे म्हणाले, “डॉक्टरांनीं सांगितलें आहे ना, मग घ्यायचें.” मामंजी गप्प बसले. तो होकार आहे असें आम्हीं धरून चाललों. रोज सकाळीं मी गोळी व पाण्याचें भांडें त्यांच्यापुढें ठेवून कामाला जात असें.

ज्येष्ठांत पुन्हां जेवण तुटलें, पहांटेचें जागरण परत आलें. आषाढी एकादशीला देवघर झाडतांना जुन्या पंचांगांच्या चवडीमागें मला कागदाच्या पुड्या सांपडल्या. दहा-दहा गोळ्यांच्या अकरा पुड्या आणि वर सात सुट्या. गणिताच्या मास्तरांनीं हिशेब चोख ठेवला होता; पैसे पडलेली वस्तु फेंकून देणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें.

यानंतर आम्हीं जें केलें तें लिहितांना संकोच वाटतो. हे त्यांच्यावर रागावले. दुसऱ्या दिवसापासून “अण्णा, तोंड उघडा, गिळली कीं नाहीं पाहूं द्या,” असा प्रकार सुरू झाला. सत्याहत्तर वर्षांच्या पित्यानें मुलापुढें तोंड उघडून बसावें, हें दृश्य मुलें दारांतून पाहत होतीं. मला तें सहन होईना, म्हणून मीं त्याहून वाईट गोष्ट केली. गोळी कुटून त्यांच्या रात्रींच्या दुधांत घालूं लागलें. पांचव्या दिवशीं पेल्याच्या तळाशीं राहिलेला पांढरा गाळ त्यांनीं पाहिला. पेला खालीं ठेवला आणि एवढेंच म्हणाले, “सूनबाई, आजवर तुमच्या हातचें मी न विचारतां खात आलों.” पुढें तीन आठवडे त्यांनीं दूध घेतलें नाहीं, औषध तर नाहींच नाहीं.

एका पहांटे मी उठलें तों ते ओटीवर अंधारांत बसलेले. म्हणाले, “मी गेलों तर आतां कोणाचें काय अडतें ?” माझ्या पोटांत धस्स झालें. ‘असें बोलूं नये’ हे शब्द ओंठावर आले होते, पण कसें कोण जाणे, मीं सरळ विचारलें, “मामंजी, मरणाचे विचार मनांत येतात का?” बऱ्याच वेळानें उत्तर आलें, “येतात.” मीं त्यांच्या पायांवर हात ठेवून म्हटलें, “दुधाची गोष्ट माझी चुकली. पुन्हां तसें कधीं करणार नाहीं. पण आज माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चला.” ते निघाले. त्या दिवशीं घरांतील सारीं औषधें मीं कपाटांत कुलुपाखालीं ठेवलीं आणि पुढील कांहीं आठवडे आम्हीं त्यांना एकटें राहूं दिलें नाहीं.

या वेळीं मीं डॉक्टरांना आधींच विनंति केली कीं, त्यांच्याशींच बोलावें आणि डाव्या बाजूनें बोलावें. डॉक्टर समंजस, त्यांनीं आम्हांला बाहेर बसविलें. परततांना रिक्षांत मामंजींनीं आपण होऊन मला सांगितलें, “त्यांनीं विचारलें, औषध कां सोडलेंत ? इतक्या दिवसांत हें कोणी विचारलेंच नव्हतें.”

कारण काय होतें ? सकाळची गोळी घेतल्यावर पाठाला बसलें कीं पेंग येई. साठ वर्षांचा पाठ, पण मध्येंच नांव सुटे. कोठपर्यंत आलों तें कळेना. “देवापुढें बसून डुलक्या घ्यायच्या, त्यापेक्षां आजार पुरवला,” असें त्यांच्या मनानें घेतलें होतें. डॉक्टर म्हणाले, “मग ही गोळी रात्रीं निजतांना घ्या. झोंपहि लागेल आणि पाठहि चुकणार नाहीं.” एवढेंच ! चार महिन्यांचा रोग, घरांतील भांडण, दुधाचा तो पेला, या सर्वांवरचा उतारा एका प्रश्नांत होता, आणि तो प्रश्न विचारण्याचें आम्हां सहा शहाण्या माणसांपैकीं कोणासहि सुचलें नव्हतें.

‘नको’च्या पोटांत काय असतें ?

पुढें हळूहळू आणखी कारणें बाहेर आलीं. खिशांतील एका चिठ्ठीवर हिशेब होता : रिक्षाचे इतके, डॉक्टरांचे इतके, औषधाचे इतके, आणि मुलाच्या अर्ध्या दिवसाच्या रजेचे इतके. खालीं बेरीज करून दोन रेघा मारल्या होत्या. दवाखान्यांत एकदां एक जुना विद्यार्थी भेटला. त्यानें वांकून नमस्कार केला व आश्चर्यानें विचारलें, “सर, आपण इथें ?” तो ‘इथें’ मामंजींच्या मनांत रुतून बसला होता. आणि भाऊजींचें तें ‘वेड’ ते विसरले नव्हतेच.

यावरून मला जें उमगलें तें असें. वृद्ध माणूस औषधाला ‘नको’ म्हणतें, त्याला आपण हट्ट समजतों आणि हट्ट मोडावयास निघतों. वास्तविक त्या ‘नको’च्या पोटांत एखादें साधें, विचार करून ठरविलेलें कारण असतें. ते कारण शोधून काढलें, तर पुष्कळदां त्याचा उपायहि लगेच सांपडतो.

सर्वांत मोठें कारण या औषधांच्या गुणधर्मांतच आहे. नैराश्यावरील औषधांचा गुण यावयास कित्येक आठवडे लागतात. वृद्धांत कधीं अधिकहि. परंतु तोंडाला कोरड, मळमळ, पेंग, पोटाची कुरकुर हे त्रास पहिल्या आठवड्यांतच सुरू होतात. त्रास आधीं आणि गुण मागाहून ! ज्याला हें आगाऊ समजावून सांगितलेलें नाहीं, त्यानें दहाव्या दिवशीं औषध बाजूला सारलें तर त्यांत नवल तें काय ? यांतील बहुतेक त्रास कांहीं दिवसांत ओसरतात, वेळ किंवा मात्रा बदलल्यानें कमी होतात, नाहींतर डॉक्टर औषधच बदलून देतात. पण ते डॉक्टरांच्या कानांवर तर गेले पाहिजेत ! एका गोष्टीची मात्र विशेष काळजी घ्यावी. या वर्गांतील कांहीं औषधांनीं म्हाताऱ्या माणसांच्या रक्तांतील सोडियम उतरतें. औषध सुरू केल्यावर पहिल्या कांहीं आठवड्यांत रुग्ण गोंधळल्यासारखा वागूं लागला, तोल जाऊं लागला किंवा फार ग्लानि आली, तर तें ‘वयामुळें’ असें न म्हणतां त्याच दिवशीं डॉक्टरांना कळवावें. साध्या रक्तपरीक्षेनें तें समजतें.

दुसरें कारण या लेखाच्या मथळ्यांतच आहे. बरें वाटूं लागलें म्हणजे औषध सोडावें, ही आपली तापाच्या औषधावरून पडलेली संवय. नैराश्यांत बरें वाटूं लागणें ही अर्धी वाट होय. पूर्ण बरें वाटल्यानंतरहि साधारणपणें नऊ ते बारा महिने औषध चालूं ठेवावें लागतें; आजार पुन्हां उलटलेला असेल तर त्याहून अधिक. पुढें तें डॉक्टरांच्या सल्ल्यानें हळूहळू उतरवावयाचें असतें. एकदम सोडल्यास चक्कर, अस्वस्थता, झोंपमोड असे त्रास होतात; त्यावरून ‘या गोळीची चटक लागली’ असा ग्रह होतो. तो चुकीचा आहे. दारूची किंवा अफूची जशी ओढ लागते, तशी या औषधांची लागत नाहीं.

तिसरें कारण लाज, आणि चवथें दुसऱ्यावर भार होण्याचें भय. नैराश्याचा रोगच असा कीं, ‘माझा कोणाला उपयोग नाहीं, मी सर्वांना ओझें झालों’ असें तो माणसाच्या मनावर ठसवितो. अशा माणसापुढें आपण ‘तुमच्यासाठीं रजा काढावी लागते’ असें सहज बोलून जातों. आपल्या लेखीं ती नुसती हकीकत. त्याच्या लेखीं तो निकाल ठरतो.

गोव्यांतील आणि अमेरिकेंतील अनुभव

घरच्या एका अनुभवावरून सिद्धान्त बांधूं नये, हें मामंजींचेंच शिकविणें. म्हणून या विषयावर झालेले दोन मोठे प्रयोग सांगतें. अमेरिकेंत साठ वर्षांवरील १,८०१ नैराश्यग्रस्त लोकांवर, १८ दवाखान्यांतून झालेल्या एका प्रयोगाचें फळ २००२ सालीं प्रसिद्ध झालें. निम्म्या लोकांना नेहमींचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्यांच्या नेहमींच्या डॉक्टरांशिवाय एक परिचारिका किंवा मानसशास्त्राची जाणकार व्यक्ति नेमून दिली. ती रुग्णाला समजावून सांगे, वेळोवेळीं भेटे किंवा फोन करी, गुण येतो कीं नाहीं, त्रास काय होतो हें विचारी, आणि तें डॉक्टरांच्या व मानसोपचारतज्ज्ञांच्या कानांवर घाली. वर्षअखेर पहिल्या गटांत शेंकडा सुमारें १९ जणांचीं लक्षणें निम्म्यानें किंवा त्याहून अधिक कमी झालीं; दुसऱ्या गटांत शेंकडा ४५ जणांचीं. औषधें दोन्हीकडे उपलब्ध होतींच. पाठीशीं राहून नेमानें विचारपूस करणारें माणूस दुसऱ्या गटाला अधिक मिळालें होतें.

दुसरा प्रयोग आपल्या शेजारच्या गोव्यांतील, २०१९ सालीं प्रसिद्ध झालेला. साठ वर्षांवरील १८१ लोक, ज्यांना नैराश्याचीं सौम्य लक्षणें होतीं पण पुरा आजार जडलेला नव्हता, असे निवडले. त्यांतील निम्म्यांकडे डॉक्टर नसलेले, परंतु या कामाचें शिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते जात. ते कोणतें औषध देत नसत. अडचण कोणती, ती सोडविण्याचे मार्ग किती, त्यांतील आज कोणता जमेल, हें वृद्धांबरोबर बसून ठरवीत. झोंपेच्या चांगल्या संवयी सांगत, मधुमेहासारख्या दुखण्यांची काळजी कशी घ्यावी तें शिकवीत, सरकारी योजनांचा लाभ मिळवून देण्यास साह्य करीत. वर्षाच्या अवधींत या गटांतील शेंकडा ४.४ लोकांना मोठ्या नैराश्यानें गांठलें; नुसत्या नेहमींच्या उपचारांवर राहिलेल्यांत हें प्रमाण शेंकडा १४.४ होतें.

दोन्ही ठिकाणीं कामास आलें तें चिकाटीनें पाठीशीं राहणारें माणूस. आपल्या एकत्र कुटुंबांत असें माणूस पगार देऊन आणावें लागत नाहीं. तें घरांतच असतें. मात्र तें पहारेकरी न होतां सोबती झालें पाहिजे.

घरानें काय करावें ?

आमच्या घरांत आतां जी रीत बसली आहे, ती थोडक्यांत सांगतें.

प्रथम, सहा जणांनीं सहा तऱ्हांनीं विचारण्याऐवजीं एकानेंच हें काम अंगावर घ्यावें, आणि तो एक कोण हें रुग्णानें ठरवावें. मामंजींनीं मला निवडलें. दुधाच्या प्रसंगानंतर हा मान मला मिळावा, हें त्यांचें औदार्य. ‘गोळी घेतलीत का ?’ हा पोलिसी प्रश्न आमच्या घरांत बंद झाला आहे. आठवड्याच्या सात दिवसांच्या सात खणांची एक डबी औषधाच्या दुकानांत मिळते. ती ते रविवारीं स्वतः भरतात. खण रिकामा दिसला कीं मला समजतें.

दुसरें, डॉक्टरांकडे जाण्याची तयारी रुग्णानेंच करावी. डॉक्टरांच्या सूचनेवरून मामंजींनीं एक वही घातली. रोज किती तास झोंप, किती भाकरी, किती पावलें, आणि मन कसें याला दहांपैकीं गुण. चौतीस वर्षें दुसऱ्यांना गुण दिले, आतां स्वतःला देतों, असें ते म्हणतात. वहींतील आलेख डॉक्टर बारकाईनें पाहतात, आणि त्या दहा मिनिटांत मामंजी रुग्णाच्या खुर्चीवरून मास्तरांच्या खुर्चीवर येतात. शेवटच्या पानावर त्यांच्या सर्व औषधांची यादी आहे. रक्तदाबाचीं, गुडघ्यावरील दुखणें थांबविणारीं आणि वैद्यांचा काढा धरून. ती दाखविणें फार अगत्याचें. कारण कांहीं वेदनाशामक औषधें व नैराश्यावरील कांहीं औषधें एकत्र आल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो.

तिसरें, जाण्याचा दिवस सुखाचा करावा. आम्ही दुपारची, गर्दी नसलेली वेळ मागून घेतों. येतांना ते गणपतीचें दर्शन घेतात, मित्राकडे डोकावतात. महिन्याची ती फेरी त्यांना आतां शिक्षा वाटत नाहीं. पुढची तारीख घेतल्यावांचून दवाखान्यांतून उठावयाचें नाहीं, हा आमचा नियम. आणि ती तारीख कालनिर्णयावर तेच लिहितात. चष्मा व श्रवणयंत्र बरोबर असल्याची खात्री करणें हें माझें काम. ऐकूं न आलेला सल्ला पाळला जात नाहीं, ही साधी गोष्ट आम्हीं केवढी किंमत देऊन शिकलों !

चवथें, फसवून औषध कधींहि देऊं नये. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवेचा कायदा २९ मे २०१८ पासून अंमलांत आहे. ज्याला स्वतःचा निर्णय करण्याची शक्ति आहे, त्याचे उपचार त्याच्या संमतीनें व्हावेत, हें त्याचें तत्त्व आहे. आजार गुप्त राखण्याचा हक्क त्यानें रुग्णास दिला आहे, आणि विमा कंपन्यांनीं मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराप्रमाणेंच धरावें असेंहि सांगितलें आहे. मीं दुधांत गोळी घातली, तेव्हां हा कायदा लागू होऊन दोन महिने झाले होते ! कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली, तरी कांहीं गोळ्या कुटल्यानें अपायकारक होतात. स्मृतिभ्रंशानें निर्णयशक्तीच गेलेल्या रुग्णाची गोष्ट निराळी; परंतु तेथेंहि डॉक्टरांना विचारल्यावांचून अन्नांतून औषध देऊं नये.

पांचवें आणि सर्वांत महत्त्वाचें. ‘आतां जगून काय करायचें’ हे शब्द घरांत ऐकूं आले, तर ते म्हातारपणाचें बोलणें म्हणून सोडून देऊं नयेत. मरणाचे विचार येतात का, असें स्पष्ट विचारावें. विचारल्यानें ते विचार मनांत येतात हा समज खोटा आहे; विचारल्यानें माणसाला मन मोकळें करावयास वाट मिळते. त्याला एकटें ठेवूं नये, घरांतील औषधें, कीटकनाशकें दृष्टीआड करावींत, आणि त्याच दिवशीं डॉक्टरांना गांठावें. सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत दूरध्वनिसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली आहे; १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हांहि, मराठींतहि बोलतां येतें. जेथें खाजगी डॉक्टरांचा खर्च झेपत नाहीं, तेथें जिल्हा रुग्णालयांतील मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागांत चौकशी करावी.

मामंजींचा निरोप

२०१८ च्या दिवाळीपर्यंत मामंजी पुन्हां घाटावर जाऊं लागले. औषध मात्र चालूंच राहिलें. २०२० च्या मार्चांत टाळेबंदी आली, आणि आतां सारें पुन्हां विस्कटणार असें मला वाटलें. पण त्याच महिन्यांत सरकारनें दूरध्वनीवरून व दृक्श्राव्य साधनांनीं वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम जाहीर केले. मामंजी धुतलेला सदरा घालून नातवाच्या फोनपुढें बसत आणि वहींतील आंकडे वाचून दाखवीत. त्याच वर्षीं डॉक्टरांनीं औषध पायरीपायरीनें उतरवून बंद केलें.

गोष्ट येथें संपती तर फार गोड झालें असतें. पण हा आजार पुष्कळदां परत येतो, आणि तो आलाहि. २०२३ च्या पावसाळ्यांत एके दिवशीं सकाळीं मामंजी वही घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशीं आले. “सूनबाई, हें पाहा,” ते म्हणाले. गेल्या दोन आठवड्यांच्या झोंपेची रेघ खालीं खालीं येत चालली होती. मनाचे गुण सातांवरून चारांवर आले होते. “उतार सरळ रेषेंत आहे. शून्यावर जायची वाट पाहूं नये, असें मला वाटतें. डॉक्टरांची वेळ घ्या.”

त्यांच्या आजाराच्या साऱ्या काळांत मला एवढा आनंद दुसऱ्या कोणत्याहि दिवशीं झाला नाहीं. आजार परत आला होता, पण या वेळीं तो आम्हांला लपूनछपून शोधावा लागला नाहीं; ज्यांचा होता, त्यांनींच तो वेळींच ओळखून आमच्यापुढें ठेवला. आज त्यांनीं ऐंशी ओलांडली आहे. रात्रीं एक गोळी घेतात. डॉक्टर म्हणतात, कदाचित् ती कायमची घ्यावी लागेल. मामंजी म्हणतात, चष्माहि कायमचाच आहे.

हा लेख वाचून परत देतांना मीं त्यांना विचारलें, “वाचकांना आपला कांहीं निरोप ?” त्यांनीं थोडा विचार केला आणि म्हणाले, “मुलगा गणित चुकला म्हणजे मी त्याला मारीत नसें. कसें केलेंस तें सांग, असें म्हणत असें. चूक कोठें झाली तें त्याच्याच तोंडून निघे. म्हाताऱ्यांनाहि तसेंच विचारा, म्हणावें.”

ज्यांच्या घरीं आज एखादें वडील माणूस ‘आतां बरें वाटतें, औषध पुरे’ म्हणत असेल, त्यांनीं कृपा करून आज रात्रीं घटकाभर त्यांच्याजवळ बसावें, आणि रागावण्यापूर्वीं एकदां विचारावें, ‘कां नको वाटतें ?’ उत्तर यावयास वेळ लागेल. तेवढा वेळ थांबावें.